न उघडणारी चित्रफाईल : दोष कोठे शोधावा?

समजा, एका शाळेने आपल्या जुन्या समारंभांची छायाचित्रे संगणकात उतरवून ठेवली. पुढे मूळ आल्बम वाळवीने खाऊन टाकला. त्यानंतर एके दिवशी त्यांतील एक चित्र दुरुस्तीसाठी चित्रसंपादनाच्या प्रोग्रामात उघडू जाता पडद्यावर एवढेच उत्तर उमटले की, ही फाईल उघडता येत नाही. अशा वेळी चित्र कायमचे नष्ट झाले, असे अनुमान सहज काढले जाते. वस्तुतः त्या एका उत्तरामागे निदान चार निरनिराळी कारणे संभवतात. फाईल बिघडलेली असेल. तिचे रूप प्रोग्रामाला अपरिचित असेल. संगणकाला काम करण्यास जागा अपुरी पडत असेल. किंवा प्रोग्रामाचीच घडी विसकटली असेल. या चारांपैकी केवळ पहिल्या कारणात चित्राची खरी हानी झालेली असते. घाईने केलेला उपाय मात्र उरलेल्या तिन्ही प्रसंगी धडधाकट चित्राचा नाश करू शकतो. यासाठी कोणतीही परीक्षा करण्यापूर्वी फाईलीची एक प्रत काढून घ्यावी आणि सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.

चित्र म्हणजे अंकांची रास

संगणकाला चित्र दिसत नाही; त्याला अंक कळतात. १९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श व त्यांचे सहकारी यांनी कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले. त्यात १७६ ओळी व प्रत्येक ओळीत १७६ बिंदू, म्हणजे एकूण ३०,९७६ चित्रबिंदू होते, आणि प्रत्येक बिंदू काळा किंवा पांढरा एवढाच असे. आज ४,००० बिंदू रुंद व ३,००० बिंदू उंच अशा साध्या छायाचित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात, आणि प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे तीन अंक नोंदावे लागतात.

ही रास वाचावयाची तर ओळ किती लांब आहे, रंग कोणत्या क्रमाने नोंदले आहेत आणि अंक कोणत्या रीतीने आटोपशीर केले आहेत, हे वाचणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते. या संकेतालाच फाईलीचे रूप म्हणावयाचे. जेपेग व पीएनजी ही अशी दोन प्रचलित रूपे होत.

प्रत्येक रूपाची ओळख पटावी म्हणून फाईलीच्या आरंभीच एक खूण लिहिलेली असते. जेपेग फाईल २५५ व २१६ या दोन अंकांनी सुरू होते आणि २५५ व २१७ या अंकांनी संपते. पीएनजीची खूण आठ अंकांची आहे : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. तिची रचना मोठी चतुराईची आहे. दुसरा, तिसरा व चौथा अंक ही पी, एन व जी या रोमन अक्षरांची सांकेतिक मूल्ये होत. पहिला अंक १२७ पेक्षा मोठा ठेवला आहे. वाहतुकीच्या एखाद्या साधनाने त्याहून मोठे अंक कापून टाकले, तर ते येथेच उघडकीस येते. १३ व १० हे अंक मजकुरात ओळीचा शेवट दर्शवितात, आणि चित्राला चुकून मजकूर समजून धाडले गेल्यास तेच अंक बदलतात. खुणेत कोठे फरक पडला यावरून फाईलीला वाटेत कोणती इजा झाली, हे जाणत्याला सांगता येते. याखेरीज पीएनजीच्या प्रत्येक खंडाअखेर चार बाइटांची एक ताळ्याची संख्या असते. ती जुळली नाही तर तो खंड बिघडला आहे, हे प्रोग्रामाला समजते.

नाव एक, रूप दुसरे

फाईलीच्या नावाचे शेपूट आणि तिचे खरे रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्यावरील चिठ्ठी बदलल्याने आतील धान्य बदलत नाही. २०१७ पासून आयफोनवर छायाचित्रे एचईआयसी नावाच्या नव्या रूपात साठविली जाऊ लागली. जुन्या प्रोग्रामांना हे रूप वाचता येत नाही, म्हणून कित्येक जण नावाचे शेपूट बदलून तेथे ‘जेपीजी’ असे लिहितात. त्याने फाईल जेपेग होत नाही. उलट, नावावर विश्वास ठेवणारा प्रोग्राम तीत जेपेगच्या खुणा शोधतो, त्या न सापडल्याने फाईल सदोष असल्याचे जाहीर करतो, आणि निर्दोष चित्रावर बिघाडाचा आळ येतो. योग्य मार्ग असा की, ते रूप जाणणाऱ्या प्रोग्रामात चित्र उघडावे व तेथून जेपेग रूपात नवी फाईल तयार करावी.

दोष फाईलीत आहे की प्रोग्रामात, हे ठरविण्यासाठी दोन परीक्षा पुरेशा होतात. तीच फाईल दुसऱ्या प्रोग्रामात उघडून पाहावी, आणि खात्रीची दुसरी फाईल पहिल्या प्रोग्रामात उघडून पाहावी. पहिल्या परीक्षेत चित्र दिसले तर फाईल शाबूत आहे. दुसऱ्या परीक्षेत खात्रीचे चित्रही उघडले नाही तर दोष प्रोग्रामाकडे आहे. फाईलीचा आकार शून्य बाइट दिसल्यास तीत काहीच उतरलेले नाही असे समजावे आणि मूळ ठिकाणाहून ती पुन्हा घ्यावी. जेपेग चित्राचा वरचा भाग दिसतो व खालचा करडा राहतो, तेव्हा नक्कल बहुधा अर्ध्यावर तुटलेली असते. कारण सामान्य जेपेग चित्र वरून खाली याच क्रमाने लिहिले जाते. मूळ चित्र कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुसले गेले असेल तर त्या कार्डावर नवे काहीही साठवू नये. पुसण्याने बहुधा केवळ ती जागा मोकळी असल्याची नोंद होते. अंकांचा खरा लोप त्यांच्यावर दुसरे काही लिहिल्यानंतर होतो.

जागेचा हिशेब

चार-पाच मेगाबाइटांची फाईल संगणकाला जड का व्हावी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. जेपेग फाईल ही घडी घातलेल्या तंबूसारखी असते. वापरण्यासाठी ती पूर्ण उलगडावी लागते. वर सांगितलेले १ कोटी २० लाख बिंदूंचे चित्र उलगडले की, प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरून, ३ कोटी ६० लाख बाइट व्यापते. त्यावर आणखी चार स्तर चढविले तर ही जागा कित्येक पटींनी वाढते. स्मृती अपुरी पडू लागली की फोटोशॉपसारखे प्रोग्राम हार्ड डिस्कचा काही भाग कच्च्या वहीप्रमाणे वापरतात. ती डिस्क भरलेली असल्यास चित्र उघडत नाही आणि कधी कधी प्रोग्रामही सुरू होत नाही. अशा वेळी अनावश्यक फाईली हलवून जागा मोकळी करावी, किंवा कच्च्या कामासाठी दुसरी डिस्क नेमावी.

नवे चित्र निर्माण करताना घडणारी एक चूक याच स्वरूपाची आहे. ३,००० बिंदू रुंद व २,००० बिंदू उंच कागद हवा असता मापाचे एकक चुकून इंचावर राहिले, तर इंचास ३०० बिंदूंच्या हिशेबाने रुंदी ९,००,००० व उंची ६,००,००० बिंदू होते. फोटोशॉपची मर्यादा एका बाजूस ३,००,००० बिंदूंची आहे. अर्थात तो प्रोग्राम नकार देतो. आणि त्याचा नकार रास्त असतो.

फाईल निर्माण न होणे

चित्र तयार झाले, परंतु ते साठविता येत नाही, अशीही तक्रार असते. गिंप हा विनामूल्य प्रोग्राम स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी १९९५ साली लिहावयास घेतला. २०१२ साली त्याच्या २.८ या आवृत्तीत एक बदल झाला : ‘सेव्ह’ ही आज्ञा केवळ एक्ससीएफ या त्याच्या स्वतःच्या रूपासाठी राहिली, आणि जेपेग वा पीएनजीसाठी ‘एक्स्पोर्ट’ ही वेगळी आज्ञा आली. जुन्या सवयीने ‘सेव्ह’मध्ये जेपेगचे नाव लिहिणाऱ्यास प्रोग्राम बिघडल्याचा भास झाला. या बदलामागे कारण होते. जेपेगमध्ये स्तर व पारदर्शकता टिकत नाहीत. म्हणून काम चालू असलेले चित्र स्वतःच्या रूपात राखावे आणि वाटण्यासाठी वेगळी प्रत काढावी, असा त्याचा आशय आहे.

कधी अडथळा प्रोग्रामाबाहेर असतो. विंडोजमध्ये फाईलीच्या नावात तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह किंवा तारांकन चालत नाही. त्यामुळे १५/८/२०२४ अशा रीतीने दिनांक घालून नाव दिल्यास फाईल तयार होत नाही. तेथे आडवी रेघ वापरावी. ज्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी नाही तेथेही फाईल निर्माण होत नाही. विंडोजमध्ये २०१७ पासून असलेला फोल्डररक्षणाचा पर्याय चालू केला असेल, तर अनोळखी प्रोग्रामाला चित्रांच्या फोल्डरातही लिहिता येत नाही. दुसऱ्या फोल्डरात साठवून पाहिल्यास या शंकेचा निकाल तत्काळ लागतो.

अखेरचा उपाय

फाईल, रूप, जागा व परवानगी यांत दोष न आढळल्यास प्रोग्रामाच्या नोंदवहीकडे वळावे. वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी प्रोग्राम एका फोल्डरात लिहून ठेवतो, आणि अकस्मात वीज गेल्यास त्या नोंदी विसकटू शकतात. गिंपच्या बाबतीत तो प्रोग्राम बंद करून या फोल्डराचे नाव बदलावे. पुन्हा सुरू करताच तो कोरी नोंदवही तयार करतो. फोल्डर पुसून टाकण्यापेक्षा नाव बदलणे श्रेयस्कर, कारण दोष तेथे नसल्यास पूर्वस्थिती परत आणता येते. प्रोग्राम काढून नव्याने बसविणे हा उपाय याच्याही नंतरचा होय.

प्रत काढणे, दोन परीक्षा घेणे, जागा मोजणे, परवानगी पाहणे आणि शेवटी प्रोग्रामाला हात लावणे, हा क्रम पाळला असता बहुतेक चित्रे परत मिळतात. जे चित्र खरोखरच बिघडले आहे, त्याला मात्र अन्यत्र ठेवलेली दुसरी प्रतच वाचवू शकते. म्हणून ज्या शाळेचा आल्बम वाळवीने खाल्ला, तिने उरलेल्या सर्व छायाचित्रांची एक प्रत आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून, ती उघडते की नाही हे पाहून, वेगळ्या कपाटात ठेवावी.