आवंढा

थायरॉइडची पूर्ण ग्रंथी काढल्यावर दोन दिवसांनी आईला मुलुंडला घरी आणलं. गळ्यावर पट्टी, आवाज बसलेला आणि माझ्या हातात पिशवीभर औषधं. रात्री मऊ भात, तूप, मेतकूट खाऊन झाल्यावर मी गोळ्या ताटलीत मांडल्या. कॅल्शियमच्या गोळीकडे बघून आई म्हणाली, "ही नाही जायची गं."

ती गोळी मोठी असते, आणि त्याला कारण आहे. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं असेल तर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट द्यावं लागतं, कारण त्यात मूळ कॅल्शियम चाळीस टक्केच. शिंपला आणि अंड्याचं कवच ज्याचं बनतं, तोच हा पदार्थ. शेजारी थायरॉक्सिनची टिकलीएवढी गोळी होती, १०० मायक्रोग्रॅमची. दोन्हींतल्या औषधाच्या वजनात साडेबारा हजार पटींचा फरक, आणि दोन्ही त्याच दुखऱ्या घशातून उतरायच्या.

आईने फुलपात्र उचललं आणि जन्मभराच्या सवयीने वरून पाणी प्यायला गेली. मान मागे जाईना, टाके ओढले. गोळी जिभेवरच राहिली, पाणी उतरलं आणि ठसका लागला. भांडं ओठाला न लावता पिण्याची आपल्या घरातली शिस्त चांगलीच आहे. पण गोळी गिळताना मान मागे टाकली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. भूल देताना घशात नळी घातलेली असते, त्यामुळे आतून खरचटल्यासारखं दुखतं. आवाजाची नस थायरॉइडच्या अगदी मागून जाते. एरवी आवंढा गिळताना तिसाहून अधिक स्नायू न सांगता आपापलं काम करतात. आता एकेका घोटाचा विचार करावा लागत होता.

मी खलबत्ता काढला. ज्या घरात गुटी सहाणेवर उगाळली गेली, जायफळाचे किती वळसे आणि वेखंडाचे किती हे आईला तोंडपाठ होतं, तिथे औषध बारीक करून मधातून द्यायचं यात गैर काय वाटणार? अनुपान हा शब्दच आपल्याकडे किती जुना आहे. कॅल्शियम, दुखण्याची गोळी, पित्ताची गोळी, सगळं एकत्र कुटलं आणि चाटवलं.

सकाळी पाच रस्त्याजवळच्या केमिस्टकडे गेले. काका घरी कच्छी बोलतात, आमच्याशी मराठीत. पातळ औषध मिळेल का, असं विचारताना रात्रीची हकिगतही सांगितली. त्यांनी पित्ताच्या गोळीची स्ट्रिप उजेडात धरली. "ही पँटोप्राझोल. हिच्यावर आवरण आहे ना, ते पोटातल्या आम्लापासून वाचवायला. ही आतड्यात जाऊन उघडली पाहिजे. कुटलीत, म्हणजे पोटातच वाया गेली." मग त्यांनी आईच्या रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारलं. मेटोप्रोलॉल, नावापुढे एक्सएल. ती सकाळची असते. तासाभरापूर्वी मी तीही कुटायला घेतली होती, पण आई झोपली होती म्हणून राहिली. दिवसभर हळूहळू झिरपण्यासाठी बनवलेलं औषध कुटलं तर एकदम सुटतं; नाडी आणि रक्तदाब दोन्ही खाली येऊ शकतात. काकांनी आतला कागद वाचला, डॉक्टरांना फोन लावला आणि मग म्हणाले, "मधे खाच आहे, तिथे अर्धी करून द्या. चावायची नाही, कुटायची नाही."

नावापुढची एसआर, ईआर, सीआर, एक्सएल ही अक्षरं मी आजवर कंपनीची सजावट समजत होते. त्यात आपण चार-सहा गोळ्याच घेतो आणि स्ट्रिप कापून मिळते, तेव्हा नाव एका तुकड्यावर जातं आणि ही अक्षरं दुसऱ्यावर. आता मी पूर्ण नाव असलेला तुकडा मागून घेते.

त्या दिवशी काकांकडचं कॅल्शियमचं सिरप संपलं होतं, संध्याकाळी येणार होतं, पण आलं नाही. दुपारची आणि रात्रीची कॅल्शियमची गोळी आईने घेतली, असं मला वाटलं. अकरा वाजता ती म्हणाली, "ओठांभोवती मुंग्या येताहेत. बोटांनाही." उशी सरळ करायला गेले तर खाली कागदी रुमालात गुंडाळलेल्या दोन गोळ्या, अर्धवट विरघळलेल्या.

थायरॉइडच्या मागे बहुधा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्यांएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला की पहिल्या दोन-तीन दिवसांत कॅल्शियम उतरतं, आणि मुंग्या ही त्याची पहिली खूण. म्हणजे जी गोळी गिळायला सगळ्यांत अवघड, नेमकी तीच चुकवायची नव्हती. सर्जननी फोनवर सांगितलं, कॅल्शियमची साधी गोळी कुटून दह्यात लगेच द्या, सकाळी रक्त तपासा. मुंग्या वाढल्या किंवा हातपाय वळायला लागले तर थेट इमर्जन्सीत या. आणि विचारलं, "गिळता येत नाही हे आधी का नाही सांगितलं?" आईने बसक्या आवाजात उत्तर दिलं, "कुणी विचारलंच नाही." मीसुद्धा विचारलं नव्हतं. घरी सोडताना कागदावर पथ्य होतं, टाक्यांची तारीख होती, फोन नंबर होते. गोळ्या गिळता येतात का, ही एक ओळ नव्हती. ती असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. म्हातारं माणूस आपणहून सांगत नाही. त्याला आपण त्रास देतोय असं वाटतं.

मग कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत वेळापत्रक लिहिलं. पहाटे सहाला थायरॉक्सिन, चमचाभर पाण्यात विरघळवून लगेच, चहा तासाभराने. हा तास आईला जड जायचा. कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी, कारण ते थायरॉक्सिनला रक्तात जाऊ देत नाही. म्हणून दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. बाटलीवर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम मूळ कॅल्शियम लिहिलेलं, म्हणून एका वेळी १० मिली. दुखण्याला ६५०च्या पॅरासिटामॉलऐवजी मुलांचं सिरप; त्यात ५ मिलीत २५० असेल तर १३ मिली लागतं, १२० असेल तर त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून प्रत्येक बाटलीवरचा आकडा वाचायचा आणि घरातला चमचा वापरायचा नाही, खुणांचं टोपणच. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा दुधात.

पित्ताची गोळी बदलून डॉक्टरांनी कॅप्सूल दिली. ती कशी घ्यायची हे आम्हाला ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी शिकवलं. कॅप्सूल हलकी, पाण्यावर तरंगते. मान मागे टाकली तर ती पुढे दातांकडे येते. हनुवटी खाली घेतली तर मागे घशाकडे जाते. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१४ मध्ये १५१ जणांवर हीच रीत तपासली होती, आणि पुढे वाकून गिळणाऱ्यांपैकी जवळजवळ ८९ टक्क्यांना कॅप्सूल सोपी गेली. पण सिस्टरनी आधी नुसत्या पाण्याचे लहान घोट देऊन पाहिले. पाण्यानेही रोज ठसका लागत असेल, किंवा प्यायल्यावर आवाज ओलसर घरघरत असेल, तर युक्त्या करायच्या नाहीत, गिळण्याची तपासणी करून घ्यायची. ते काम स्पीच थेरपिस्ट करतात. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे, तिथे हे शिक्षण दिलं जातं. बोलण्याचे आणि गिळण्याचे डॉक्टर एकच, हे आईला फार पटलं.

टाके निघाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीत ताठ बसली. फुलपात्र ओठाला लावलं, आधी एक घोट घेऊन घसा ओला केला. कॅप्सूल जिभेवर ठेवली, घोट घेतला आणि सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे समोरच्या लादीच्या फुटक्या कोपऱ्याकडे बघत हनुवटी खाली आणली. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. पट्टीच्या जागी उरलेली लाल रेघ वर सरकली, खाली आली. तिने तोंड उघडून मला रिकामी जीभ दाखवली आणि घड्याळाकडे बघून विचारलं, "चहाला अजून किती वेळ आहे?"