परिषदेस येणारे परदेशी प्रतिनिधी : माहितीपत्रकात काय असावे?

परिषदेची तयारी करताना प्रमुख वक्ते, शोधनिबंधांचे विषय आणि स्मरणिकेतील जाहिराती यांचा आपण जेवढा विचार करतो, तेवढा परदेशातून येणाऱ्या प्रतिनिधींच्या प्रवासाचा करीत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यात भरलेल्या एका परिषदेत अशा प्रतिनिधींसाठी माहितीपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय यांची वर्णने मी मोठ्या हौसेने लिहिली. जे लिहावयास हवे होते, ते मात्र राहून गेले.

समारोपाच्या दिवशी जर्मनीहून आलेल्या एका डॉक्टर भगिनीस मी स्नेहभेट म्हणून कुष्ठ व जटामांसी यांची मुळे आणि आरोग्यवर्धिनीची एक डबी दिली. परतीच्या वेळी विमानतळावर त्यांची बॅग उघडण्यात आली. मुळे जप्त झाली, बराच वेळ चौकशी चालली आणि विमान जेमतेम मिळाले. पुढे त्यांचे पत्र आले. त्यात तक्रार नव्हती. ‘ही वनस्पती नेण्यास बंदी आहे, हे आपणांस ठाऊक होते का?’ एवढाच प्रश्न होता. मला ते ठाऊक नव्हते. वीस वर्षे कुष्ठ वापरणाऱ्या वैद्यास हे उत्तर लिहिताना काय वाटले असेल, ते वाचकांनीच जाणावे.

वस्तुस्थिती अशी आहे. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार असून भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या यादीत, कुष्ठाचा समावेश आहे. जटामांसी, कुटकी, सर्पगंधा व रक्तचंदन ही द्रव्ये दुसऱ्या परिशिष्टात येतात. जटामांसी, कुटकी व सर्पगंधा यांपासून बनविलेली, किरकोळ विक्रीसाठी बंद केलेली तयार औषधे दुसऱ्या परिशिष्टाच्या निर्बंधातून वगळली आहेत. परंतु कागदाच्या पुडीतील सुटी मुळे वगळलेली नाहीत. प्रदर्शनातील काष्ठौषधींच्या दालनातून परदेशी प्रतिनिधी नेमकी हीच खरेदी करतात. तेथे या द्रव्यांची यादी ठळक अक्षरांत लावणे हे आयोजकांचे काम होय.

आरोग्यवर्धिनीची गोष्ट वेगळी. तीत कज्जली आहे, ताम्रभस्म आहे. शोधन-मारणाचे शास्त्र आपण जाणतो, सीमाशुल्क अधिकारी जाणत नाही. त्याच्यासमोर प्रयोगशाळेचा आकडा असतो. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ही सावधगिरी वाढली आहे. माझे स्पष्ट मत असे की, परदेशी पाहुण्यास रसकल्प भेट म्हणून कधीही देऊ नये. द्यावयाचेच असेल तर पुस्तक द्यावे.

वनस्पतींचे नमुने संशोधनासाठी मागणाऱ्यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार परदेशी नागरिकास भारतातील जैविक साधनसंपत्ती संशोधनासाठी मिळवावयाची असल्यास राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. औषधी उद्यानाच्या सहलीत ‘दोन पाने घेऊन जा’ असे म्हणण्यापूर्वी एवढे स्मरणात असावे.

आता येण्याविषयी. परिषदेसाठी येणाऱ्याने कॉन्फरन्स व्हिसा घ्यावा, पर्यटक व्हिसावर येऊ नये. ई-व्हिसाच्या अर्जास आयोजकांचे निमंत्रणपत्र लागते, म्हणून ते वेळेत आणि पासपोर्टवरील नावानेच पाठवावे. आपल्याकडील पत्रांत नावाचे स्पेलिंग हमखास चुकते. परिषदेनंतर पंचकर्म करून घेण्याचा मानस असल्यास, २०२३ मध्ये आयुष व्हिसाचा स्वतंत्र वर्ग सुरू झाला आहे, त्याची चौकशी आधीच करण्यास सांगावे. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील देशांतून येणाऱ्यांनी त्या लसीचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे आणि लस निदान दहा दिवस आधी घेतलेली असावी. ई-सिगारेट भारतात २०१९ पासून प्रतिबंधित आहे. सॅटेलाइट फोन तर विनापरवाना आणूच नये. गिर्यारोहणाची आवड असलेले संशोधक तो सहज बॅगेत टाकतात आणि अडचणीत येतात.

पुण्यास थेट येणारी आंतरराष्ट्रीय विमाने मोजकीच असल्याने बहुतेक प्रतिनिधी मुंबईस, तेही मध्यरात्रीनंतर उतरतात आणि पुढे घाटातून मोटारीने येतात. अशा पाहुण्याचा निबंध त्याच सकाळी नऊ वाजता ठेवणे हा अविचार आहे. दीर्घ विमानप्रवास, जागरण व बदललेली वेळ यांनी वात प्रकुपित आणि अग्नी विषम झालेला असतो. आणि आपण त्यास पहिल्याच जेवणात श्रीखंड, मसालेभात व भजी वाढतो! पहिला दिवस मुगाचे यूष, मऊ भात आणि उकळून निवविलेले पाणी पुरेसे आहे. व्याख्यानात दिनचर्या सांगणाऱ्यांनी भोजनपंक्तीतही ती पाळावी.

अनेक सभासद पाहुण्यास आपल्या घरीच उतरवून घेतात. ही प्रथा सुंदर आहे; मात्र परदेशी नागरिक घरी मुक्कामास आल्यास २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे ऑनलाइन द्यावी लागते. पाहुणा आल्याबरोबर चहा ठेवावा आणि तो उकळेपर्यंत पासपोर्ट व व्हिसाची छायाप्रत मागून घ्यावी.