कॅम्परव्हॅन केवढी घ्यायची? बेड नंतर मोजा, आधी रस्ता मोजा!



परवा बॅच संपल्यावर एक दादा मागे थांबले. हातात कोटेशन. कोकण किनाऱ्याने आठ-दहा दिवसांच्या फॅमिली ट्रिपसाठी मोटरहोम भाड्याने द्यायचा त्यांचा प्लॅन. ४०२० व्हीलबेसची फोर्स ट्रॅव्हलर, सहा बेड, टॉयलेट, एसी. कर्जाची फाईल बँकेत तयार. म्हणाले, "सर, करू का सही?"

मी विचारलं, "दादा, ही गाडी तवसाळच्या फेरीबोटीत चढेल का?" दादा गप्प.

मित्रांनो, आपण गाडीची साईज ठरवताना बेड मोजतो. पण धंदा अडतो तो रूटवरच्या सगळ्यात अवघड जागेला. सागरी मार्गाने खाली उतरा. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, खाडी आली की फेरीबोट. गाडी बोटीत चढवताना रॅम्पचा चढ लागतो, आणि ओहोटीला तो चढ जास्तच तिरका होतो. मागच्या चाकांपासून बंपरपर्यंतचा भाग, म्हणजे ओव्हरहँग, लांब असला की तिथेच घासतो. पुढे गावात शिरलात की दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, वर फणसाची फांदी, त्याच्या वर विजेच्या तारा. समोरून एसटी आली की मागे कोणी जायचं? तुम्हीच! हायवेने जाऊ म्हणाल, तर गिऱ्हाईक पैसे समुद्राचे देतंय, हायवेचे नाही.

आता वजनाचा हिशोब मांडू, कारण इथे बरेच जण फसतात. माणशी दिवसाला २० लिटर पाणी धरा. सहा माणसं, दोन दिवस, म्हणजे २४० लिटर. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे २४० किलो झाले. माणसं सरासरी ६५ किलोची धरली तर ३९० किलो. वर फर्निचर, बॅटरी, गॅस, बॅगा. आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनात हे सगळं बसतंय का? फॅब्रिकेटरला विचारू नका, टाकी भरून गाडी वजनकाट्यावर न्या. घाट उतरताना ब्रेकला जे वजन कळतं, ते कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

एसीचंही तसंच. एक टनाचा एसी रात्रभर चालला तर साधारण ५-६ युनिट जातात. १२ व्होल्ट, २०० एएचची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात २.४ युनिट. म्हणजे रात्री कुठल्यातरी होमस्टेच्या अंगणात प्लग लावावाच लागणार. मग तिथलं बाथरूमही वापरता येतं की! मोठ्या टॉयलेटसाठी गाडी दोन-तीन फूट लांब करायची कशाला? छोटं, अडीअडचणीपुरतं पुरे.

पण फार छोटीही घेऊ नका हं. वीकेंडला चालतं ते दहा दिवस चालत नाही. गाडीत ताठ उभं राहता आलं पाहिजे आणि निदान एक बेड कायम अंथरलेला हवा. रोज सकाळी सीट घडी, रात्री सीट उघड, यात चौथ्या दिवशी नवरा-बायकोची भांडणं होतात आणि रिव्ह्यू तुम्हाला वाईट मिळतो. माझं मत विचाराल तर कोकणासाठी चार माणसांची, ३३५० व्हीलबेसच्या आसपासची गाडी. सहाजणांची फॅमिली आली तर दोघांना होमस्टेची खोली घेऊन द्या.

कागदांचं थोडक्यात: भाड्याने द्यायची गाडी कमर्शियल नोंदणीचीच हवी. बॉडी बदलण्याआधी आरटीओची परवानगी, आणि काम मोटर कॅरव्हॅनच्या एआयएस-१२४ मानकाप्रमाणे. राज्याचं २०२१ चं कॅरव्हॅन पर्यटन धोरणही वाचून ठेवा.

दादांना मी सांगितलं, सही थांबवा. त्याच लांबीची टूरिस्ट ट्रॅव्हलर दोन दिवस ड्रायव्हरसकट भाड्याने घ्या आणि तुमचा पूर्ण रूट फिरा. ओहोटीची वेळ बघून जेटीवर जा.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "सर, तवसाळला मागचा बंपर घासला. गाडीवाल्याने साडेचार हजार कापले."

आता नवीन कोटेशन चार बेडचं आहे, कर्जही कमी लागतंय. सोमवारी दादा परत बँकेत जाणार आहेत.