गावच्या वाचनालयात पुस्तक कोणते यावे?

आपल्या नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हा वाचनालय 1838 सालचे. पुढे 1967 साली ग्रंथालय कायदा झाला. त्यानुसार मान्यता मिळालेल्या खेड्यातल्या वाचनालयालाही सरकारी अनुदान मिळते. पण मार्चअखेरीस घाईने एकगठ्ठा खरेदी झाली, की डाळिंबावरचा तेल्या किंवा गाईची दगडी यांची माहिती शोधणारा रिकाम्या हाताने परततो. देवघेवीची वही चाळा. काय वाचले जाते अन् काय धूळ खाते, ते तिथेच कळते. चांगले पण फाटलेले पुस्तक बांधून घ्यावे. मात्र एंडोसल्फान फवारा असे सांगणारे जुने पुस्तक कपाटातून काढाच. त्या औषधावर 2011 पासून बंदी आहे. नव्या पुस्तकांची यादी समितीकडे लेखी द्या, दिवाळीच्या आत. त्यात घरातल्या बायका-मुलांना हवी ती पुस्तकेही लिहा.