कुणकेश्वरची वाळू जाते कुठे?

देवगड तालुक्यातलं कुणकेश्वर म्हणजे दक्षिण कोकणची काशी. देवळातून बाहेर पडलं की पुढ्यात पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि पुळणीपुढे थेट अरबी समुद्र. समुद्र इतका अंगाशी असून महादेव जागचा हलला नाही, आणि खाली मालवणजवळच्या देवबागेत मात्र पावसाळा आला की माड उन्मळतात, लोकांची झोप उडते. असं का? याच्या मागे लागलं की किनाऱ्याच्या एकेक गमती हाती लागतात.

कातळाची कृपा

कथा सगळ्यांना ठाऊक आहे: वादळात सापडलेल्या अरबी व्यापाऱ्याला (कुणी इराणी म्हणतं) किनाऱ्यावर दिवा दिसला, तो नवस बोलला, वाचला आणि त्याने देऊळ बांधलं. खरंखोटं महादेव जाणे. पण किनाऱ्यावरच्या कातळात कोरलेल्या शिवपिंडी मात्र ओहोटीला आजही दिसतात. रोज भरतीला पाण्याखाली, ओहोटीला उघड्या. कातळ झिजतो तो पिढ्यान्‌पिढ्या, वाळू मात्र एका रात्रीत जागा बदलते. देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी वाळूचीच चिंचोळी पट्टी आहे. सगळा फरक इथेच आला.

तिथी गुणिले पाऊण

मोबाईलवर भरतीच्या वेळा पाहणाऱ्यांसाठी दर्यावर्दींचा जुना हिशेब: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. वेळ थोडी इकडे-तिकडे होते, पण होडी लोटायला तेवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. महाशिवरात्रीला लागूनच अमावास्या येते, म्हणून कुणकेश्वरच्या जत्रेला गावोगावचे देव तीर्थस्नानाला येतात तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल असते. पिंडी पाहायच्या तर संध्याकाळी पाचच्या सुमारास उतरा.

आखाडात गेलेली वाळू

जुलैत पेपरात फोटो येतो, ‘समुद्राने किनारा गिळला’. बातमी खोटी नसते, अर्धी असते. पावसाळ्यातल्या उंच, लागोपाठच्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि जरा आत, पाण्याखाली तिचा दांडा घालून ठेवतात. मोठ्या लाटा मग त्या दांड्यावरच फुटतात. म्हणजे किनारा स्वतःच स्वतःचा बांध घालतो! पावसाळा सरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. आखाडात माहेरी गेलेली सून परत यावी तशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुळण पुन्हा भरते. किनारा खरोखर खचतोय का हे पाहायचं तर यंदाचा मार्च आणि पुढचा मार्च ताडून पाहावा, मे आणि जुलै नव्हे.

सून परत येत नाही तेव्हा मात्र काळजी करायची. खाडीतला बेसुमार वाळूउपसा, नद्यांवरची धरणं, सपाट केलेले वाळूचे डोंगुर ही त्याची नेहमीची कारणं.

किनारा वाढला, जमीन नाही

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातली किनाऱ्याची रेषा तपासली. देशाचा 33.6 टक्के किनारा खचतोय, महाराष्ट्राचा 25.5 टक्के. पश्चिम बंगालचा तब्बल 60.5. आपल्याला हात दिला तो कातळाने. दुसरी गंमत अशी की सरकारी नोंदीत महाराष्ट्राचा किनारा 652.6 किलोमीटरवरून 877.97 झाला. एक वीतही जमीन वाढली नाही. नव्या मोजणीत बारीक वळणं आणि खाचाखोचा धरल्या, एवढंच.

‘दगड टाका!’

किनाऱ्यावरच्या कुठल्याही ग्रामसभेत ही मागणी हमखास. कागदावर तिचं नाव धूपप्रतिबंधक बंधारा. लाटेची उंची दुप्पट झाली की ताकद चौपट होते, त्यामुळे मोठमोठे धोंडे रचण्यावाचून इलाज नाही असं वाटतं. पण पुळणीवर लाट चढते, दमते आणि जिरते. भिंतीवर ती आदळते आणि परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. चार पावसाळ्यांत धोंडे खाली बसतात आणि मागणी पुन्हा येते, ‘बंधारा दुरुस्त करा’. शिवाय बंधारा जिथे संपतो, त्याच्या पलीकडच्या शेजाऱ्याची जमीन जोरात कापली जाते. मग त्यालाही बंधारा हवा.

याचा मोठा नमुना चेन्नईला आहे. एकोणिसाव्या शतकात बंदराच्या भिंती समुद्रात शिरल्या, दक्षिणेकडून सरकणारी वाळू अडली आणि मरीना बीच ऐसपैस झाला. उत्तरेला रोयापुरमची किनारपट्टी मात्र समुद्राने खाल्ली.

रापणकरांचं दुखणं आणखी वेगळं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून वेढा घालून माणसांनी दोन्ही दोर ओढत आणायचं भलंमोठं जाळं. त्याला मोकळी, रुंद पुळण लागते. धोंड्यांवरून जाळं ओढाल तर हातात चिंध्या येतील. होडी वर घ्यायलाही जागा उरत नाही. गाव वाचलं, धंदा बसला!

मरीन ड्राइव्हवरचे ते चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड? फ्रेंच अभियंत्यांनी ते 1950 साली मोरोक्कोतल्या कासाब्लांका इथल्या वीजकेंद्रासाठी घडवले. ते एकमेकांत अडकतात, मधल्या फटींत लाट फुटून दमते, म्हणून ते सपाट भिंतीपेक्षा बरे. रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्याच्या नशिबी तर लाटांच्या जोडीला जहाजही आलं: 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ तिथे येऊन रुतलं आणि पुढे कित्येक पावसाळे तिथेच पडून राहिलं.

माझं मत विचाराल तर ज्याच्या घराच्या पडवीला समुद्र लागलाय त्याला ‘वाळू धरणाऱ्या वेली लावा’ सांगणं ही चेष्टा आहे, तिथे दगड हवाच. पण मोकळ्या पुळणीवर पहिला उपाय म्हणून दगड टाकणं म्हणजे पैसे आणि पुळण दोन्ही घालवणं.

घाटावरच्या लाटा

समुद्राशी झुंजायची तालीम पुण्याजवळ खडकवासल्याला होते. 1916 साली सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात हौदांमध्ये यंत्राने लाटा उठवतात आणि बंदरं-बंधाऱ्यांच्या छोट्या प्रतिकृती त्यांच्यापुढे ठेवतात.

वेल, सुरू आणि चिपी

पुळणीच्या वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली दिसते. तिची पेरं वाळूत जागोजाग मुळं धरतात, उडती वाळू अडते आणि डोंगुर चढत जातो. हा डोंगुर म्हणजे वादळासाठी राखून ठेवलेली वाळूच. सुरूचं बन दिसायला देखणं, वाराही अडवतं; पण मुळं उथळ, त्यामुळे लाट बुंध्याशी पोचली की झाडं ओळीने आडवी. कांदळवनाबाबत एक गैरसमज फार आहे. 2020 साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्ष केलं ते योग्यच, पण कांदळाला खाडीचा चिखल लागतो. कुणकेश्वरच्या उघड्या पुळणीवर रोपं लावून फोटो निघतील, वन उगवणार नाही.

वाळूला वाळूच

दगडाऐवजी वाळूच भरायचाही मार्ग आहे. नेदरलँड्सने 2011 साली एकाच ठिकाणी सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू ओतली आणि ती वाटायचं काम वाऱ्या-लाटांवर सोपवलं. पुदुच्चेरीने बंदरामुळे गेलेला किनारा पाण्याखाली आडोसा घालून आणि वाळू भरून काही प्रमाणात परत मिळवला.

आणि हो, कासवं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले मादी रात्री वर येते, कोरड्या वाळूत खड्डा करते आणि अंडी घालते. वाळू ऊबदार असेल तर पिल्लांत माद्या जास्त, थंड असेल तर नर. तिच्या वाटेत बंधारा आला तर ती अंडी न घालताच परत फिरते.

तेव्हा कुणकेश्वरला जाल तर गाडी देवळाजवळच्या जागेत लावा, पुळणीवर घालू नका. चाकाखाली मर्यादवेल चिरडते, वाळू सुटते आणि वर्षाकाठी कितीतरी पर्यटकांच्या गाड्या भरतीच्या तोंडाशी रुततात. ढकलायला गावकरीच येतात, पण आजची तिथी कुठली, हे आधी विचारतात!