बोरघाटाची वाट

आम्हां पनवेलकरांचे नशीब बोरघाटाशी बांधलेले आहे. पूर्वी देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरे आणि आमच्या खाडीतून गलबतांनी मुंबईस जाई. १८३० साली गव्हर्नर माल्कमने घाटात गाडीरस्ता खुला केला. बैलगाड्या बंदरापर्यंत येऊ लागल्या. १८६३ साली आगगाडी कर्जतमार्गे घाट चढली, तसा आमचा व्यापार ओसरला. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पनवेल पुन्हा हमरस्त्यावर आले. माल्कमचे नाव शिलालेखात कोरले गेले. पण साहेबाला घाटातली वाट दाखविली ती शिंग्रोबा धनगराने, असे लोक सांगतात. त्याचे देऊळ घाटातच आहे. रस्ता बांधणाऱ्यांची नावे घेताना, मुळात वाट पाडणाऱ्यांना आपण विसरू नये.