दोघाचौघांच्या घराला शेगडी किती मोठी हवी?

दिवाळी सरते, ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात संध्याकाळच्या हवेत किंचित गारवा येतो आणि भांड्यांच्या बाजारात कोळशाच्या शेगडीची चौकशी सुरू होते. एकेकाळी याच घरांतून शेगडी आधी माळ्यावर आणि मग भंगारात गेली. आता त्याच घरांतील सुना बाटी निखाऱ्यावर भाजावी, पापडाला कोळशाचा वास लागावा म्हणून तिला परत आणू पाहत आहेत. मुंबईत बर्मा-शेल कंपनीने १९५५ मध्ये सिलिंडरचा गॅस घरोघरी द्यायला आरंभ केला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसची नळी पुढे ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या स्वयंपाकघरांतही पोहोचली. गरज म्हणून शेगडी पेटवण्याचे दिवस संपले, आणि तिचे माप ठाऊक असलेली पिढीही जवळजवळ संपली. चाळीच्या काळात घरातला भाताचा टोप आणि दुधाचे पातेले शेगडीचे माप ठरवीत. आज ते छायाचित्र पाहून ठरते आणि बहुधा चुकते.

चूक जवळजवळ नेहमी एकाच दिशेची असते, गरजेपेक्षा मोठी शेगडी घेण्याची. घरात दोन माणसे, फार तर चार. पण ‘पाहुणे आले तर’ या धास्तीने बारा-चौदा इंचांची शेगडी खरेदी होते. व्यापारी घरात खरे तर हे समजावून सांगावे लागू नये. वर्षातून दोनदा येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी बाराही महिने मोठे गोदाम भाड्याने घेणाऱ्याला आपल्याकडे शहाणा म्हणत नाहीत.

यामागचे गणित साधे आहे. गोल शेगडीचा व्यास आठ इंचांवरून बारा इंचांवर गेला, म्हणजे दीडपट झाला, तर निखाऱ्यांचे क्षेत्रफळ सव्वादोनपट होते. आठ इंची शेगडीत दोन इंच जाडीचा थर भरण्यास अदमासे पावणेचारशे ग्रॅम लाकडी कोळसा लागतो. दहा इंचीला पाचशे ते सहाशे आणि बारा इंचीला आठशे ग्रॅम. अर्धाच थर भरून मोठी शेगडी चालवता येईल, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. निखारे एकमेकांना चिकटून असले तरच धगधगतात. विखुरले की काळवंडतात आणि पदार्थ भाजण्याऐवजी सुकत बसतो.

मग आपले माप काढायचे कसे? माणसे मोजून नव्हे, तर एका वेळी जाळीवर किती नग ठेवायचे ते मोजून. बाटी साधारण अडीच इंचांची असते. मध्ये एक आणि भोवती सहा अशा सात बाट्या साडेसात इंचांच्या वर्तुळात नेमक्या बसतात. चिमट्याने फिरवायला जागा हवी म्हणून नऊ ते दहा इंच धरावेत. सात बाट्यांत दोन माणसांचे जेवण सहज होते, आणि चौघांसाठी दुसरा घाणा टाकला की झाले. फुलका सहा-सात इंचांचा असतो आणि एका वेळी एकच फुगवायचा असतो, त्याला आठ इंच पुरे. पापडाचे तेच. मक्याच्या कणसाला लांबी लागते, म्हणून ज्या घरात कणसे आणि ढोबळी मिरची अधिक भाजली जाते, त्यांनी गोल शेगडीऐवजी सहा इंच रुंद आणि बारा इंच लांब अशी चौकोनी घ्यावी. खाकऱ्यासाठी शेगडी घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. खाकरा तव्यावर, मंद आणि एकसारख्या आचेवर शेकायचा असतो, आणि ते काम गॅस अधिक चांगले करतो.

सारांश, दोघांना आठ ते नऊ इंच, चौघांना दहा. त्यापुढची शेगडी लहान कुटुंबाची नव्हे.

आपल्या घरांत बटाटा, रताळे, कांदा जाळीवर येत नाही. अनेक घरांत वांगेही येत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य असेल तर कणसे आणि मिरच्याही गेल्या. राहिली बाटी, पापड, फुलका, पनीर आणि उकडून भाजलेले कच्चे केळे. शिवाय शेजाऱ्याची शेगडी उसनी आणणे आपल्याला जमत नाही, कारण तिच्या जाळीवर पूर्वी काय भाजले गेले ते सांगता येत नाही. स्वतःची घेणे भाग आहे. मोठी घेणे भाग नाही.

मापाचा आणखी एक निकष घड्याळात दडलेला आहे. नोव्हेंबरअखेरीस ठाण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घरात त्यापूर्वी जेवण उरकले पाहिजे. कोळशावर राखेची पांढरी साय येऊन तो भाजण्याजोगा व्हायला लहान शेगडीत वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि बाटीला पुढे तेवढाच वेळ. म्हणजे साडेचारला काडी ओढली तर पाच-साडेपाचला पान वाढता येते. मोठी शेगडी उशिरा तयार होते आणि उशिरापर्यंत जळते. जेवण आटोपते, सूर्य मावळतो आणि सज्जात दीड-दोन तासांची धग तशीच उरते. तिच्यावर पाणी ओतणे जयणेच्या दृष्टीने तर नकोच. व्यवहारातही ते वाईट, कारण तापलेली माती तडकते आणि वाफेने हात पोळतो. झडप बंद करून, झाकण घालून निखारे आपोआप विझू द्यावेत, आणि हे लहान शेगडीतच लवकर साधते.

बाजारात दोन प्रकारचा माल आहे. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा कल्याणच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानांतून पत्र्याची, बिडाची आणि क्वचित मातीची पारंपरिक शेगडी मिळते. मॉलमध्ये आणि ऑनलाइन मिळतो तो झाकणाचा, तीन पायांचा परदेशी घाट. त्याचा जनक शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधील जॉर्ज स्टीफन. १९५२ मध्ये त्याने पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचे दोन भाग करून ही शेगडी बनवली. तिचे प्रचलित माप बावीस इंच आहे, घरामागे अंगण असलेल्या आणि झाकणाखाली सामिष पदार्थ तासन्‌तास शिजवणाऱ्या लोकांचे. घोडबंदर मार्गावरील चार फूट रुंदीच्या सज्जात ती आणून ठेवणे म्हणजे गल्लीत मालमोटार उभी करण्यासारखे आहे. जपानी लोकांचे माप आपल्याला अधिक जवळचे. तिथे ‘शिचिरिन’ नावाची मातीची छोटी शेगडी असते. ‘शिचि’ म्हणजे सात आणि ‘रिन’ म्हणजे येनचा हजारावा भाग. सात रिनच्या कोळशात काम भागते म्हणून हे नाव पडले, असे तिथे सांगितले जाते. शेगडीला तिच्या इंधनखर्चाचे नाव देणारी जमात व्यापारी मनाला पटण्यासारखी आहे.

पत्र्याच्या शेगडीला आतून मातीचे लिंपण असेल तीच घ्यावी. माती उष्णता धरून ठेवते आणि बाहेरचा पत्रा कमी तापतो. केनियात १९८० च्या दशकात पत्र्याच्या शेगडीला भाजलेल्या मातीचे अस्तर देऊन ‘जिको’ नावाची शेगडी प्रसारात आली. तिने कोळशाची बचत तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत केली. घेताना टेप घेऊन जावे आणि तीन मापे पाहावीत. आतला व्यास पाहावा, काठाचा नव्हे, कारण दुकानदार काठाचा सांगतो. निखाऱ्यांचा थर आणि वरची जाळी यांत दोन ते तीन इंचांचे अंतर हवे. खालच्या जाळीपासून तळापर्यंत निदान दोन इंच असावेत, नाहीतर राख साचून हवा कोंडते. झडप सहज सरकते का ते पाहावे. आच कमीजास्त करण्याचे तेवढे एकच साधन शेगडीला असते. आणि भरल्या घरात ती उचलणार कोण, याचाही विचार करावा. बिडाची शेगडी टिकते खरी, पण सत्तरीच्या सासूबाईंना ती पेलणार नाही.

बचतीच्या आशेने शेगडी घेणाऱ्यांनी मात्र हिशेब नीट करावा. किलोमागे लाकडी कोळसा सुमारे सात हजार किलोकॅलरी उष्णता देतो, स्वयंपाकाचा गॅस सुमारे अकरा हजार. आणि शेगडीची बरीच धग पदार्थाला न लागता हवेत जाते. शेगडी चवीसाठी घ्यायची, काटकसरीसाठी नव्हे.

ती पेटवायची कुठे, हा प्रश्न मापाहून गंभीर आहे. लाल निखाऱ्यातून धूर निघत नाही, म्हणून ती निर्धोक वाटते. पण कार्बन मोनॉक्साइड वायू तेव्हाही बाहेर पडत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो आणि माणूस न कळत ग्लानीत जातो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही लक्षणे दिसली तर माणसाला तत्काळ मोकळ्या हवेत नेऊन डॉक्टरांना बोलवावे. उत्तर भारतात थंडीच्या दिवसांत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबेच्या कुटुंबे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आपल्याकडे थंडी तेवढी नसते, पण आपला धोका निराळ्या वेषात येतो. काचेच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केलेला सज्जा हा सज्जा उरत नाही, ती खोली होते. तिथे शेगडी पेटवू नये, मग माप कोणतेही असो.

याहून नाजूक गोष्ट बाळंतिणीच्या शेक-शेगडीची. मुलगी माहेरी बाळंतपणाला आली, की आजी ओवा, बाळंतशोपा आणि वावडिंगाची धुरी काढून ठेवते. वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावल्या जातात आणि खाटेखाली निखारे सरकवले जातात. पूर्वीच्या कौलारू घरात वायूला निघून जायला छपरात शेकडो फटी होत्या. आजच्या फ्लॅटच्या खोलीत एकही नसते, आणि आत असते नुकती प्रसूत झालेली स्त्री आणि काही दिवसांचे बाळ. या कामासाठी लहानात लहान शेगडीसुद्धा मोठीच आहे. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा, तोही डॉक्टरांना विचारून. आजीला दुखवायचे नाही म्हणून गप्प बसण्याचा हा विषय नाही.

उघड्या सज्जात पेटवणाऱ्यांनी वर पाहावे. कबुतरांसाठी लावलेली जाळी नायलॉनची असते. एक ठिणगी पुरते. दोरीवरचे कपडे काढावेत, गॅसचा सिलिंडर आणि नळी दूर असावी, शेगडीखाली लाद्या तडकू नयेत म्हणून विटा मांडाव्यात. गच्ची सोसायटीची सामाईक जागा आहे. तिथे पेटवण्यापूर्वी कार्यकारिणीला विचारावे. धूर वरच्या मजल्यावर जातो हेही ध्यानात असू द्यावे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबईतील बेकऱ्या आणि उपाहारगृहांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. घरगुती शेगडी त्यात येत नाही, पण वरच्या मजल्यावरचे दमेकरी आजोबा हा भेद मानणार नाहीत.

कोळसा कोणता घ्यावा? दगडी कोळसा भाजण्यासाठी कधीच नव्हे. बाभळीचा लाकडी कोळसा जड आणि टिकाऊ असतो. कच्छकडचा ‘गांडो बावळ’ जाळून केलेला कोळसाही बाजारात असतो, आणि डोंबिवलीतील कच्छी घरांना त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. नारळाच्या करवंटीचा कोळसा झाड न तोडता मिळतो, म्हणून लहान शेगडीसाठी तोच बरा. पेटवायला रॉकेल नको, पदार्थाला वास लागतो. तुपाची वात किंवा नारळाची शेंडी पुरते. पोत्यातला कोळसा हे मुंग्या, झुरळे आणि कोळ्यांचे घर असते. कोळसा परातीत पसरून, पुंजणीने हलकेच झाडून, एकेक तुकडा पाहून मगच शेगडीत ठेवावा. चारशे ग्रॅम कोळसा असा पाहता येतो. दीड किलो पाहण्याचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की कोणी पाहत नाही.

कोळशाविषयी आपल्या परंपरेने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी आहे आणि तिच्यात पहिलेच नाव ‘इंगालकम्म’, म्हणजे कोळसा पाडण्या-विकण्याचा धंदा. घरच्या बाटीपुरता निखारा त्यात मोडत नाही. पण ही यादी ज्या सातव्या व्रताखाली येते, त्याचे नावच भोगोपभोग-परिमाण आहे. भट्टीवर राबणारी माणसेही आपल्यापासून दूर नाहीत. ठाणे, पालघर आणि रायगडमधील कातकरी कुटुंबे पाऊस संपला की उचल घेऊन कोळसाभट्ट्यांवर जातात. उचल फिटत नाही आणि माणूस अडकतो. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. तरी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला वसईपासून पुढे वर्षानुवर्षे ही माणसे सोडवावी लागली. स्वस्त कोळशाच्या पोत्यात मजुरीची ही बाजूही असते.

काम झाल्यावर राख रात्रभर शेगडीतच राहू द्यावी. राखेखालचा निखारा दुसऱ्या सकाळपर्यंत जिवंत असू शकतो आणि कचऱ्याची बादली प्लॅस्टिकची असते. गार झालेली राख चाळून पितळेची भांडी घासायला ठेवावी. चातुर्मासात शेगडी बहुधा बंदच राहते. ज्येष्ठात तिला ऊन दाखवून, जाळीला तेलाचा हात लावून, जुन्या धोतरात बांधून ठेवावे, आणि उरलेला कोळसा घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. उघडा राहिला तर तो पावसाळी हवेतला ओलावा ओढतो आणि कार्तिकात पेटताना तडतडतो.